रॅक बदलली, स्टेअरिंग सरळ आहे, पण वेढे दोन्हीकडे सारखे नाहीत

उलटापाना

मंडळी, स्टेअरिंग रॅकच्या (स्टेअरिंग फिरवलं की डावी-उजवीकडे सरकून चाकं वळवणारा दातेरी दांडा) डाव्या बुटातून (टोकावरच्या रबरी आवरणातून) तेल गळायला लागलं म्हणून गेल्या आठवड्यात घरीच रॅक बदलली. हायड्रॉलिक पॉवर स्टेअरिंग, रॅक एक्सलच्या मागे. एका दिवसाचं काम म्हणून हात घातला आणि तीन दिवस गाडीखाली काढले, ते सोडा. नवी रॅक खोक्यातून काढली, बसवली, स्टेअरिंगचा शाफ्ट रॅकला जोडणारा खालचा जॉइंट जोडला, तेल भरलं, एअर काढली आणि तशीच अलाइनमेंटला (चाकांचे कोन जुळवायला) नेली. तिथल्या माणसाने टाय रॉड (रॅकपासून चाकांपर्यंत जाणारे दांडे) बरेच फिरवून चाकं सरळ केली. आता गाडी नाकासमोर चालते, स्टेअरिंगही सरळ दिसतं.

काल पार्किंगमधून बाहेर काढताना लक्षात आलं की डावीकडे स्टेअरिंग लवकर अडतंय. मोजलं. सरळपासून डावीकडे सव्वा वेढा, उजवीकडे पावणेदोन. एकूण तीनच, जुन्या रॅकइतके. पण पूर्वी डावीकडे जो यू-टर्न एका दमात बसायचा, तो आता मागे-पुढे केल्याशिवाय बसत नाही.

मित्र म्हणतो, गाडी सरळ जातेय ना, मग विसर. विसरू का? की स्टेअरिंग उपटून दोन-चार दाते सरकवून परत बसवू?

मागची सीट

रुमाल टाकून ठेवतो. माझीही रॅक खडखडायला लागली आहे.

तेलकट

विसरू नका आणि स्टेअरिंग तर अजिबात उपटू नका. तुमचं स्टेअरिंग बरोबर जागी आहे. चुकीच्या जागी रॅक आहे. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला असं होईल.

झालंय काय, की नवी रॅक मध्यावर नसताना तुम्ही जॉइंट जोडलात. वर स्टेअरिंग सरळ आणि खाली रॅक डाव्या लॉककडे (स्टेअरिंग पूर्ण फिरून अडतं त्या टोकाकडे) पाव वेढा सरकलेली. ती चूक अलाइनमेंटवाल्याने टाय रॉडमध्ये जिरवली. त्याचं मशीन चाकांचे कोन बघतं, रॅक कुठे आहे ते त्याला दिसत नाही. त्यामुळे कागदावर सगळं हिरवं आलं असणार.

उलटापाना

@तेलकट, हो, हिरवंच आलं. पण रॅक खोक्यातून मध्यावरच येते ना?

तेलकट

कोण म्हणालं? कारखान्यात टेस्ट करताना फिरते, पॅक करताना फिरते, तुम्ही पिनियनला (रॅक सरकवणाऱ्या दातेरी शाफ्टला) धरून उचललीत तर तेव्हाही फिरते. आली तशी बसवायची नसते.

नटबोल्ट

मी तर म्हणतो गाडी सरळ जातेय, टायर खात नाही, तर कशाला पुन्हा खोलायचं? डावीकडे पाव वेढा कमी मिळाला तर जग बुडत नाही. पार्किंगमध्ये एकदा जास्त मागे घ्या.

मोजपट्टी

@नटबोल्ट, जग बुडत नाही, पण टाय रॉडचे आटे बाहेर येतात.

उलटापाना, आधी एक करा. पुढची चाकं सरळ ठेवून दोन्ही बाजूंना लॉकनटच्या आत टाय रॉडचे किती आटे उघडे दिसतात ते मिलिमीटरमध्ये मोजा. रॅक मध्यावर असेल तर दोन्ही आकडे जवळपास सारखे येतात, एक-दोन मिलिमीटर इकडे तिकडे. पाव वेढ्याची चूक असेल तर फरक ठसठशीत दिसेल. माझ्या गाडीत स्टेअरिंगच्या एका वेढ्याला रॅक साधारण ४५ मिमी सरकते. बऱ्याच गाड्यांत ४० ते ६० च्या दरम्यान असते. म्हणजे पाव वेढ्याला ११ मिमी. एका बाजूला टाय रॉड ११ ने लांब आणि दुसऱ्या बाजूला ११ ने आखूड करावा लागला असणार, म्हणजे दोन बाजूंत २२ चा फरक.

उलटापाना

आत्ता खाली जाऊन मोजून आलो. डावीकडे ३१ मिमी, उजवीकडे ९. मोजपट्टीताई, तुम्ही माझ्या गाडीखाली बसून लिहीत होता का?

मागची सीट

हसून हसून पुरेवाट. ताईंनी बरोब्बर २२ सांगितले होते!!

मोजपट्टी

:) आता डावीकडचे ३१ नीट बघा. जेवढे आटे बाहेर दिसतात तेवढे टाय रॉड एंडच्या आत कमी गेलेले असतात. आत किती हवेत याची किमान मर्यादा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असते. ती ओलांडली असेल तर प्रश्न यू-टर्नचा उरत नाही. खड्ड्यात आदळताना सगळा धक्का त्या मोजक्या आट्यांवर येतो. मी हे तसंच चालवणार नाही.

नटबोल्ट

बरं, मागे घेतो. आट्यांचा विचार केला नव्हता.

जुनाट

एवढं मोजमाप कशाला? आम्ही तर हातानेच मध्य शोधायचो. पुढची चाकं जॅकवर घ्यायची, जॉइंट सोडायचा, शाफ्ट सावकाश फिरवायचा. जिथे किंचित जड लागतं तो मध्य. तेव्हा पॉवर स्टेअरिंगही नव्हतं, सगळं हाताला कळायचं.

तेलकट

जुनाटकाका, तुम्ही सांगताय ते खरं आहे, पण ते स्टेअरिंग बॉक्सचं, रॅक नसलेल्या गाड्यांचं. रीसर्क्युलेटिंग बॉलच्या बॉक्समध्ये सेक्टरचा मधला दात मुद्दाम घट्ट बसवतात, त्यामुळे मध्यावर हाताला जडपणा लागतो आणि मेकॅनिक त्यावरूनच ॲडजस्ट करतो. रॅक अँड पिनियनला असा घट्ट मध्य नसतो. रॅक फिरवताना एका जागी जड लागलं तर ती मध्याची खूण समजू नका. दांडा वाकलाय, मागच्या प्लंजरचा स्क्रू जास्त आवळलाय किंवा जॉइंटचा क्रॉस अडकतोय, असं काहीतरी असतं. त्या जागेला मध्य मानून जोडलीत तर उलटापानांसारखाच धागा काढावा लागेल.

अर्धवेढा

अवांतर: पॉवर स्टेअरिंग विक्रीच्या गाडीत पहिल्यांदा १९५१ च्या क्रायस्लर इम्पिरियलमध्ये आलं. जुनाटकाका, "तेव्हा" म्हणजे नक्की केव्हा? ;)

जुनाट

आमच्यापर्यंत यायला अजून काही दशकं लागली रे बाबा. बॉक्सचं मान्य. रॅकवर मी फार काम केलेलं नाही.

खडखड

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

गंजलेली कडी

काम सुरू करण्याआधी क्लॉक स्प्रिंगचं वाचून घ्या. माझी फजिती सांगतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: स्टेअरिंगच्या मागे, एअरबॅगच्या खाली एक चपटी डबी असते. तिच्यात रिबनसारखी केबल घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. एअरबॅग, हॉर्न, स्टेअरिंगवरची बटणं, सगळ्यांच्या तारा तीतून जातात. स्टेअरिंग लॉक ते लॉक फिरेल एवढी आणि वर थोडी, इतकीच तिची लांबी. मध्यापासून दोन्हीकडे साधारण अडीच-तीन वेढे.

मी रॅक काढली तेव्हा स्टेअरिंग मोकळं सोडलं होतं. खालचा जॉइंट सुटलेला, म्हणजे त्याला अडवणारं काहीच नाही. मी गाडीखाली, आणि मदतीला आलेला पाहुणा सीटवर बसून मोबाइल बघता बघता एका बोटाने स्टेअरिंग गरागरा फिरवतोय. मला पत्ताच नाही. रॅक बसली, स्टेअरिंग सरळ करून जोडलं, दोन दिवस सगळं ठीक. तिसऱ्या दिवशी गाडी वळवताना पूर्ण लॉकला नेली आणि आतून कागद फाटल्यासारखा बारीक आवाज आला. हॉर्न गेला, एअरबॅगचा दिवा लागला. डबी उघडली तर रिबन मुळापासून तुटलेली.

तेव्हापासून जॉइंट सोडण्याआधी चाकं सरळ करतो, किल्ली काढून स्टेअरिंग लॉक लागू देतो, वर सीट बेल्ट ओढून स्टेअरिंगच्या आऱ्यांतून घालून बकलात अडकवतो. आणि पाहुण्याला घरात बसवतो.

मागची सीट

पाहुण्याला बकलात अडकवा, स्टेअरिंग आपोआप सुरक्षित.

सावकाश

@गंजलेली कडी, उत्तम प्रतिसाद. एक जोडतो. क्लॉक स्प्रिंगचा मध्य हरवला असेल तर ती बाहेर काढून हलक्या हाताने एका टोकापर्यंत फिरवायची. अडली की जोर करायचा नाही. मग एकूण वेढे मोजत दुसऱ्या टोकाला जायचं आणि निम्मे मागे यायचं. बऱ्याच डब्यांवर बाणाची किंवा खिडकीची खूण असते, मध्यावर ती जुळते. त्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढून मॅन्युअलमध्ये सांगितली असेल तेवढी मिनिटं थांबायचं. एअरबॅगच्या सर्किटमध्ये चार्ज राहतो. ही घाई करायची जागा नाही.

खडखड

माझ्या गाडीच्या पिनियनला मास्टर स्प्लाइन आहे. एक दात रुंद, त्यामुळे जॉइंट एकाच कोनात बसतो. अशा गाडीत चूक होणं शक्यच नाही, हे कोणी सांगत का नाही?

अर्धवेढा

कारण शक्य आहे. :) मास्टर स्प्लाइनमुळे दात्यांची चूक टळते, अख्ख्या वेढ्याची टळत नाही. रॅक एक पूर्ण वेढा सरकलेली असेल तरी जॉइंट आनंदाने बसतो. मग एकीकडे अर्धा वेढा आणि दुसरीकडे अडीच. ते पहिल्याच वळणाला कळतं म्हणा.

ज्यांना मास्टर स्प्लाइन नाही त्यांच्यासाठी अंदाज: माझ्या पिनियनला ३६ दाते होते. म्हणजे एक दात चुकला की स्टेअरिंग १० अंश वाकडं. उलटापानांचे ९० अंश म्हणजे अशा पिनियनवर नऊ दाते. ही दात्याची चूक नाही, मध्य न शोधता जोडल्याची आहे. तेलकट म्हणाले तेच.

उलटापाना

कबूल. आता सांगा, रॅक परत उतरवावी लागेल का? तीन दिवस पुन्हा गाडीखाली जायची ताकद नाही.

तेलकट

नाही लागणार. रॅक जागेवरच राहू द्या. हा क्रम ठेवा.

पुढची दोन्ही चाकं वर, स्टँडवर. नुसत्या जॅकवर नको. स्टेअरिंग सरळ, लॉक लावून, सीट बेल्टने बांधून. खालच्या जॉइंटचा बोल्ट पूर्ण काढा, जॉइंट पिनियनवरून वर सरकवा. आता पिनियन एका लॉकपर्यंत न्या, पिनियनवर आणि हाउसिंगवर समोरासमोर रंगाची रेघ मारा. मग दुसऱ्या लॉकपर्यंत वेढे मोजत जा. तुमचे तीन येतील. दीड मागे या, तो मध्य. मारलेल्या रेघा तेव्हा बरोबर समोरासमोर नसतील, अर्ध्या वेढ्याने उलट दिसतील. घाबरू नका, तसंच हवं. काही रॅकच्या पिनियनच्या धूळटोपीवर आणि हाउसिंगवर मध्याची खूण कारखान्यातूनच असते, असेल तर ती जुळतेय का बघा.

हे करताना चाकं वाकडी होणार, होऊ द्या. स्टेअरिंग सरळ, रॅक मध्यावर, आता जॉइंट खाली सरकवून जोडा. चाकं सगळ्यात शेवटी, टाय रॉडने.

पिनियन फिरवायला पान्याने थेट स्प्लाइन धरू नका, दाते चेपतात. जुना जॉइंट असेल तर तो चढवून त्याला धरून फिरवा.

मोजपट्टी

वेढे मोजण्यापेक्षा माझा भर मापावर. दोन्ही बुटांच्या क्लिपा सैल करून बूट मागे सारा आणि हाउसिंगच्या तोंडापासून आतल्या बॉल जॉइंटपर्यंतचं अंतर दोन्हीकडे मोजा. सारखं आलं की मध्य. वेढे मोजताना पाव वेढा इकडचा तिकडे सहज होतो.

तेलकट

हाउसिंगची दोन्ही तोंडं सगळ्याच रॅकमध्ये सारख्या अंतरावर नसतात, ताई. मी वेढ्यांवर जातो आणि माप पडताळ्याला घेतो.

मोजपट्टी

मग एका लॉकला एका बाजूचं अंतर घ्या, दुसऱ्या लॉकला त्याच बाजूचं घ्या, आणि दोन्हीच्या बरोबर मध्ये रॅक आणा. एकाच बाजूने मोजलं की तोंडांचा प्रश्नच येत नाही.

तेलकट

हे मान्य. हे माझ्या पद्धतीपेक्षा चांगलं आहे.

मागची सीट

धाग्यावर दोन तज्ज्ञांचं एकमत. स्क्रीनशॉट घेऊन ठेवला.

सावकाश

जॉइंटच्या बोल्टबद्दल. पिनियनच्या शाफ्टवर एक खाच असते आणि बोल्ट त्या खाचेतून आडवा जातो. जॉइंट पुरता खाली गेला नसेल तर बोल्ट खाचेत न बसता शाफ्टला घासून पलीकडे निघतो, आवळलाही जातो आणि सगळं ठीक वाटतं. एके दिवशी जॉइंट वर सरकतो आणि स्टेअरिंग हातात फिरत राहतं, चाकं नाही. बोल्ट हाताने सहज आत गेला पाहिजे. जात नसेल तर हातोडी घेऊ नका, जॉइंट खाली सरकवा. मॅन्युअल नवा बोल्ट सांगत असेल तर नवाच घाला, आणि टॉर्कही त्यातलाच.

गंजलेली कडी

+१. हे धाग्याच्या वर चिकटवून ठेवायला हवं.

नटबोल्ट

एक शंका. समजा आटे दोन्हीकडे पुरेसे आत आहेत. मग रॅक थोडी बाजूला असल्याने बिघडतं काय? यू-टर्न सोडून.

अर्धवेढा

चार गोष्टी सुचतात. रॅकची दोन टोकं गाडीच्या मध्यापासून वेगवेगळ्या अंतरावर जातात, दोन टाय रॉड लहान-मोठे होतात. चाक वर-खाली होताना दोन्ही टाय रॉड वेगवेगळे कंस काढतात, त्यामुळे उंचवट्यावर एका चाकाचा टो (चाक पुढून आत-बाहेर वळलेलं असण्याचा कोन) दुसऱ्यापेक्षा वेगळा बदलतो आणि गाडी किंचित शेपूट हलवते. दुसरं, काही रॅकचे दाते मध्यावर एका अंतराचे आणि टोकांकडे दुसऱ्या अंतराचे कापलेले असतात. अशी रॅक बाजूला असेल तर डावं-उजवं वळण हाताला वेगळं लागतं. तिसरं, वळताना आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळायला हवं. हा ॲकरमनचा हिशेब, पेटंट १८१८ चं, घोडागाडीच्या काळातलं. रॅक सरकली की तो दोन्हीकडे सारखा राहत नाही. आणि एका बाजूच्या लॉकला टायर आतल्या लाइनरला घासू शकतो.

यातलं काहीही उद्याच गाडी बंद पाडणार नाही. पण नवी रॅक घातल्यावर हे कशाला सहन करायचं?

खडखड

आणि ज्यांनी खरंच स्टेअरिंग उपटून सरळ बसवलं त्यांचं काय? मी एकदा केलंय. (आता सांगायला हरकत नाही.) टो चुकीचा होता आणि स्टेअरिंग २० अंश वाकडं. मी दोन दाते सरकवून सरळ केलं. तेव्हापासून एका बाजूचा इंडिकेटर वळण पूर्ण व्हायच्या आत बंद व्हायचा. सहा महिने मी दांड्यालाच शिव्या देत होतो.

सावकाश

@खडखड, आणि ईएसपीवाली (घसरणारी गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा असलेली) गाडी असती तर त्याचाही दिवा लागला असता. कॉलमवरच्या अँगल सेन्सरला शून्य कुठे आहे ते माहीत असतं. स्टेअरिंग दोन दाते सरकवून सरळ दिसलं तरी कॉलम वाकडाच राहतो, म्हणून तुम्ही सरळ जात असताना त्याला वाटतं तुम्ही वळताय. रॅक बदलल्यावर आणि अलाइनमेंटनंतर अशा गाड्यांत स्कॅनरने शून्य नव्याने शिकवायला सांगतात. इलेक्ट्रिक स्टेअरिंगला बहुतेक वेळा टॉर्क सेन्सरचंही कॅलिब्रेशन असतं. उलटापानांची हायड्रॉलिक आहे, पण ईएसपी आहे का ते त्यांनी सांगितलेलं नाही.

उलटापाना

ईएसपी नाही. एबीएस एवढंच. सुटलो.

*(चार दिवसांनी)*

उलटापाना

झालं! एक सकाळ पुरली. तेलकटांच्या क्रमाने आणि मोजपट्टीताईंच्या मापाने. स्टेअरिंग बांधलं, जॉइंट सोडला, पिनियन उजवीकडे पाव वेढा न्यावा लागला. बोल्ट पहिल्यांदा हाताने गेला नाही. सावकाशरावांची आठवण काढली, जॉइंट आणखी थोडा खाली ढकलला आणि बोल्ट सुळकन आत. म्हणजे मागच्या वेळी मी काय केलं होतं याचा विचार करत दोन मिनिटं तिथेच पडून राहिलो. जुन्या बोल्टच्या दांड्यावर एका बाजूला चकचकीत घासलेला पट्टा होता. नवा घातला.

मग डावा टाय रॉड आखूड, उजवा लांब, प्रत्येकी सात वेढे आणि वर थोडं. आट्याची पिच १.५ मिमी, म्हणजे ११ मिमीला एवढेच लागतात. आता उघडे आटे डावीकडे २०.५, उजवीकडे १९.५. घरी टेपने जेमतेम टो जुळवून सावकाश अलाइनमेंटला नेली. स्टेअरिंग दोन्हीकडे दीड-दीड, यू-टर्न एका दमात.

एकच राहिलं. सरळ रस्त्यावर स्टेअरिंग डावीकडे पाच-सहा अंश कललेलं आहे. गाडी ओढत नाही, नुसतं कललेलं. एक दात सरकवू का?

अर्धवेढा

नको! दात १० अंशांचा, तुमची चूक सहाची. सरकवलात तर उजवीकडे चार अंश कलेल.

माझं नाव ज्यावरून आहे ते करा. टाय रॉडचा एक वेढा १.५ मिमी, रॅकच्या ४५ मिमीला स्टेअरिंगचे ३६० अंश, म्हणजे टाय रॉडच्या एका वेढ्याला स्टेअरिंगचे १२ अंश. तुम्हाला सहा हवेत, म्हणजे अर्धा वेढा. रॅक मागे आहे आणि स्टेअरिंग डावीकडे कललंय, तर डावा टाय रॉड अर्धा वेढा आखूड, उजवा तेवढाच लांब. दोन्हीकडे सारखंच आणि उलट दिशेने, म्हणजे एकूण टो तोच राहतो. रॅक पुढे असलेल्यांनी हे बरोबर उलटं वाचा.

आणि कललंय हे ठरवण्याआधी त्याच रस्त्यावर उलट दिशेनेही चालवून बघा. रस्त्याला कडेकडे उतार असतो, त्यामुळेही स्टेअरिंग दोन-तीन अंश कलतं धरावं लागतं.

उलटापाना

दोन्ही दिशांनी बघितलं, कल तेवढाच. मग अर्धा वेढा मारला. सरळ. मित्राला दाखवलं तर म्हणतो, "मी म्हटलं नव्हतं का, सरळच जाते."

नटबोल्ट

तुमचा मित्र मीच तर नाही ना?

मोजपट्टी

अभिनंदन. बूट बघितलेत का? टाय रॉड सात वेढे फिरवलेत, क्लिप घट्ट असेल तर बूट त्याच्याबरोबर पिळला जातो आणि महिनाभरात फाटतो.

उलटापाना

आत्ता टॉर्च घेऊन बघून आलो. उजवा ठीक. डावा जिलबीसारखा पिळलेला. बाहेरची क्लिप सैल करून टाय रॉडवर थोडं ग्रीस लावलं, आपोआप फिरून सरळ झाला. क्लिप परत लावली.

मागची सीट

माझी रॅक पुढच्या आठवड्यात. रुमाल उचलतो, आता जागेवर मीच बसतो.